काण्या ट्रॅक्टरच्या डोळ्यातलं घरटं

मोठं हललं की लहानानं बाजूला व्हायचं. का, ते विचारायचं नाही.

असा नियम होता. चिरी अंड्यातून बाहेर आली, आणि पहिल्याच दिवशी तिला तो सांगितला.

चिरी कोण? चिरी म्हणजे चिरक पक्षीण. तुझ्या मुठीत मावेल एवढी. अंग मातकट. शेपटी उभी. बसली की शेपटी वर, शेपटी खाली. टुक टुक, टुक टुक.

रस्त्याच्या कडेला एक शेड होती. शेडमध्ये एक जुना ट्रॅक्टर होता. रंग उडालेला. इंजिन मुकं. समोर दोन दिवे. एक दिवा धड. दुसऱ्या दिव्याची काच फुटलेली. म्हणजे ट्रॅक्टर काणा.

तीन वर्षं तो जागचा हलला नव्हता.

फुटक्या दिव्याच्या आत गोल खोबण होती. खोबणीत सावली होती. चिरीनं गवत आणलं. शेळीचे केस आणले. सापाची कातही आणली. दिव्यात घरटं झालं. घरट्यात अंडी झाली. एक, दोन, तीन.

एके सकाळी माणसं आली.

पुढे होती बायजाक्का. तिला ट्रॅक्टर हवा होता. नवा नाही, जुना. बायजाक्का ट्रॅक्टरभोवती फिरली. टायरला लाथ मारली. धप्प!

"इंजिन?"

"बसलंय," शेडवाला म्हणाला. "पण उघडा, साफ करा, बोलायला लागेल."

"आणि हा डोळा?"

"काच घाला की आक्का. डोळाच तो."

बायजाक्कानं ट्रॅक्टर घेतला. दुसरा ट्रॅक्टर आला. मध्ये साखळदंड बांधला. खळ्ळ खळ्ळ, खळ्ळ खळ्ळ!

शेडच्या भिंतीवर म्हातारे चिरक बसले होते. चिरीचे आजोबा, चिरीची आजी आणि थोरली मावशी.

आजोबा म्हणाले, "चिरी, मोठं हललं. बाजूला हो."

"आत माझी अंडी आहेत!"

आजी म्हणाली, "पुन्हा घाल. आम्ही नाही घातली?"

मावशी म्हणाली, "आणि आवाज खाली."

साखळदंड ताणला. ट्रॅक्टर हलला. खडखड, खडखड. घरटं हललं. अंडी हलली.

चिरी बाजूला झाली नाही. ती मागे निघाली. फुर्रर्र, बाभळीवर. फुर्रर्र, खांबावर. फुर्रर्र, पुलाच्या कठड्यावर.

पुलाजवळ खड्डा होता. ट्रॅक्टर खड्ड्यात गेला. धाडकन!

एक अंडं बाहेर आलं.

टप्प.

दगडावर पिवळा डाग झाला. तेवढंच.

चिरी खाली उतरली. दगडापाशी बसली. शेपटी खालीच राहिली. पण ट्रॅक्टर थांबला नव्हता. आत अजून दोन होती. चिरी उडाली. फुर्रर्र.

गाव आलं. गावाची वेस आली. वेशीबाहेर कडुलिंब होता. तिथे ट्रॅक्टर थांबला. साखळदंड सुटला. दुसरा ट्रॅक्टर बाजूला उभा राहिला.

का थांबला? कारण त्या गावात काणा ट्रॅक्टर वेशीच्या आत घेत नसत. आधी डोळा बसवायचा, मग वेस ओलांडायची. बल्ब नसला तरी चालेल. वायर नसली तरी चालेल. नुसती काच. लोकांना दिसली म्हणजे झालं.

अन्वर मिस्त्री काच घेऊन आला. नवी, गोल, चकचकीत. आणि चार स्क्रू.

मिस्त्रीनं दिव्यात डोकावलं. "आत गवत आहे," तो म्हणाला. "असू दे. काच बसली की तिच्या चकाकीत कुठं दिसतंय?"

चिरी त्याच्यासमोर आली. टुण टुण, टुण टुण.

"मिस्त्रीचाचा, मिस्त्रीचाचा, ते गवत नाही, घर आहे! आत माझी अंडी आहेत. काच बसते, अंडी कोंडतात! थांबशील का?"

मिस्त्री काच पुसत म्हणाला, "मी नाही बाई. माझं काम स्क्रू पिळायचं. बायजाक्का सांगेल, तर थांबेन."

चिरी उडाली. फुर्रर्र.

बायजाक्का हळदीकुंकवाचं ताट लावत होती.

"आक्का, आक्का, ऐक ना!
मिस्त्री थांबेना.
काच बसते, अंडी कोंडतात!
तू सांगशील का?"

बायजाक्काचा हात थांबला. तिनं दिव्याकडे पाहिलं. मग वेशीपाशी जमलेल्या लोकांकडे पाहिलं.

"मी नाही बाई," ती म्हणाली. "आधीच म्हणतात, बाई ट्रॅक्टर आणते! त्यात काणा आणला तर? मामंजी हं म्हणतील, तर सांगेन."

चिरी उडाली. फुर्रर्र.

बायजाक्काचे मामंजी म्हणजे गावाचे आजोबा. ते वेशीपाशीच बाजेवर बसले होते. बशीतला चहा पीत होते. सुर्रर्र, सुर्रर्र.

"आजोबा, आजोबा, ऐका ना!
आक्का सांगेना,
मिस्त्री थांबेना.
काच बसते, अंडी कोंडतात!
तुम्ही हं म्हणाल का?"

"मी नाही बाई," आजोबा म्हणाले. "घरात नवं काही आलं, की आधी बैल हुंगतो. बैल मान हलवतो. मग मी हं म्हणतो. माझे आजोबा असंच करायचे."

"का?"

"का म्हणजे? माझे आजोबा करायचे! बैल मान हलवेल, तर हं म्हणेन."

आणि तिकडे काय? किर्र किर्र, किर्र किर्र. काच बसली दिव्यावर. एक स्क्रू आत.

चिरी उडाली. फुर्रर्र.

बैल वेशीपाशी बांधला होता. शिंगांना हिंगूळ, गळ्यात घुंगूरमाळ. डोळे मात्र ओले.

"बैलदादा, बैलदादा, ऐक ना!
आजोबा हं म्हणेनात,
आक्का सांगेना,
मिस्त्री थांबेना.
काच बसते, अंडी कोंडतात!
मान हलवशील का?"

बैलानं नाकातून श्वास सोडला. फूंऽऽ.

"पोरी, तुझं घर ट्रॅक्टरनं नेलं. माझं कामही ट्रॅक्टरनं नेलं. मला विचारलं कुणी?"

"मी विचारते ना!"

"पण मी नाही बाई. हे बघ, माझं तोंड खुंट्याशी बांधलंय. ट्रॅक्टर पाहून मी मागे सरलो, म्हणून. मान हलवायला जागाच नाही. दावं सुटेल, तर मान हलवेन."

आता बघा! मान हलव म्हणायचं, आणि मानच बांधायची!

चिरी दाव्याकडे वळली. टुण टुण, टुण टुण.

"दावोबा, दावोबा, ऐक ना!
बैल मान हलवेना,
आजोबा हं म्हणेनात,
आक्का सांगेना,
मिस्त्री थांबेना.
काच बसते, अंडी कोंडतात!
तू सुटशील का?"

"मी नाही बाई," दावं म्हणालं. "मला खुंट्याला गुंडाळलंय. खुंट्याला विचारल्याशिवाय सुटू? छे छे! खुंटा हलेल, तर सुटेन."

किर्र किर्र, किर्र किर्र. दुसरा स्क्रू आत.

चिरी खुंट्यावर बसली. टुक टुक, टुक टुक.

"खुंटेराव, खुंटेराव, ऐक ना!
दावं सुटेना,
बैल मान हलवेना,
आजोबा हं म्हणेनात,
आक्का सांगेना,
मिस्त्री थांबेना.
काच बसते, अंडी कोंडतात!
तू हलशील का?"

"मी नाही बाई," खुंटा म्हणाला. "हलला तो खुंटा कसला? शिवाय मातीनं मला घट्ट धरलंय. माती सोडेल, तर हलेन."

चिरी जमिनीवर उतरली. टुण टुण, टुण टुण.

"मातीमाय, मातीमाय, ऐक ना!
खुंटा हलेना,
दावं सुटेना,
बैल मान हलवेना,
आजोबा हं म्हणेनात,
आक्का सांगेना,
मिस्त्री थांबेना.
काच बसते, अंडी कोंडतात!
तू सोडशील का?"

माती बोलली, पण कोरडं बोलली.

"मी नाही बाई. उन्हानं माझा दगड झालाय. दगडानं सोडायचं कसं? घागर कलंडेल, पाणी येईल, तर सोडेन."

किर्र किर्र, किर्र किर्र. तिसरा स्क्रू आत.

आता एकच राहिला. ऊन काचेवर आलं. काच तापली. काचेच्या आत दोन अंडी. चिरी काचेवर गेली. चोच मारली. टक्! काचेला काही झालं नाही. चोच दुखली.

"ए, चल हट!" मिस्त्री म्हणाला. "नव्या काचेला ओरखडा पडेल."

चिरी उडाली. फुर्रर्र.

बैलाच्या शेजारी घागर होती. ट्रॅक्टरच्या चाकांवर घालायला पाणी भरून ठेवलं होतं. तांब्याची, पोटवाली, ऐटबाज घागर. खाली चुंबळ. चुंबळ म्हणजे गवत पिळून केलेलं कडं. घागर त्यावर बसते, म्हणून पडत नाही.

"घागरबाई, घागरबाई, ऐक ना!
माती सोडेना,
खुंटा हलेना,
दावं सुटेना,
बैल मान हलवेना,
आजोबा हं म्हणेनात,
आक्का सांगेना,
मिस्त्री थांबेना.
काच बसते, अंडी कोंडतात!
तू कलंडशील का?"

"मी? चारचौघांत? कलंडू?" घागर म्हणाली. "मी नाही बाई! पूजेची घागर आहे मी. चुंबळ सरकेल, तर कलंडेन. म्हणजे दोष माझा नाही."

चिरी वाकली. घागरीखाली पाहिलं.

"चुंबळताई, चुंबळताई, ऐक ना!
घागर कलंडेना,
माती सोडेना,
खुंटा हलेना,
दावं सुटेना,
बैल मान हलवेना,
आजोबा हं म्हणेनात,
आक्का सांगेना,
मिस्त्री थांबेना.
काच बसते, अंडी कोंडतात!
तू सरकशील का?"

चुंबळ दबलेल्या आवाजात म्हणाली, "मी नाही बाई. माझ्या डोक्यावर कोण बसलंय, बघ. खालून कुणी ओढेल, तर सरकेन."

खालून? खाली कोण होतं?

खाली मुंग्या होत्या. काळ्या, बारीक, ओळीनं चाललेल्या. तुरुतुरु, तुरुतुरु. प्रत्येकीच्या तोंडात काहीतरी पांढरं होतं.

चिरीचा घसा बसला होता. तरी ती म्हणाली,

"मुंग्यांनो, मुंग्यांनो, ऐका ना!
चुंबळ सरकेना,
घागर कलंडेना,
माती सोडेना,
खुंटा हलेना,
दावं सुटेना,
बैल मान हलवेना,
आजोबा हं म्हणेनात,
आक्का सांगेना,
मिस्त्री थांबेना.
काच बसते, अंडी कोंडतात!
तुम्ही ओढाल का?"

ओळ थांबली. पुढची मुंगी वळली.

"अंडी?" ती म्हणाली. "किती?"

एवढ्या वेळात कुणीच हे विचारलं नव्हतं.

"दोन," चिरी म्हणाली. "तीन होती."

मुंगीच्या तोंडात जे पांढरं होतं, तेही अंडंच होतं. ट्रॅक्टर वारुळावरून गेला होता. मुंग्या अंडी उचलून दुसरीकडे चालल्या होत्या. मुंगीनं आपलं अंडं हळूच खाली ठेवलं. मागचीनं ठेवलं. तिच्या मागचीनं ठेवलं.

"चला गं," पुढची म्हणाली.

बस, एवढंच म्हणाली.

तुरुतुरु, तुरुतुरु. एक मुंगी, एक काडी. शंभर मुंग्या, शंभर काड्या. मिस्त्रीनं चौथा स्क्रू उचलला. स्क्रू हातातून निसटला. टिणंग! मिस्त्री शोधायला वाकला.

ओढा गं, ओढा!

मुंग्यांनी काड्या ओढल्या.
चुंबळ सरकली.
घागर कलंडली. डगडग, डगडग, धपाक्! भळाभळा पाणी.
माती पाणी प्यायली. मातीनं सोडलं.
खुंटा हलला. डुगूडुगू, डुगूडुगू, पडला!
दावं सुटलं.
बैलानं मान वर केली.

"अरे, बैल सुटला! धरा, धरा!"

बैल पळाला नाही. तो ट्रॅक्टरपाशी गेला. खळ खळ, खळ खळ. घुंगरं वाजली. त्यानं काण्या डोळ्याला नाक लावलं. फूंऽऽ. काचेवर वाफ धरली. वाफ विरली. बैलाच्या डोक्याची सावली पडली, चकाकी गेली. आत दोन अंडी दिसली.

सगळ्यांना दिसली.

बैलानं मान हलवली. एकदा. पुन्हा एकदा.

लोक आजोबांकडे पाहू लागले. आजोबांनी बशी खाली ठेवली. बशीत चहा नव्हता, तरी पुन्हा उचलली.

"बैलानं मान हलवलीय, मामंजी," बायजाक्का म्हणाली.

"दिसतंय मला."

"मग?"

आजोबा खाकरले.

"हं," ते म्हणाले. फार बारीक म्हणाले. पण म्हणाले.

बायजाक्का वळली. "अन्वरभाई, थांबा. काच काढा."

"अहो आक्का, एकच स्क्रू राहिलाय! हा बघा, सापडला. लोक हसतील."

"हसू देत. ट्रॅक्टर माझा आहे. काणा तर काणा."

मिस्त्री थांबला. त्यानं स्क्रूड्रायव्हर उलटा फिरवला. किर्र किर्र, एक स्क्रू बाहेर. किर्र किर्र, दोन स्क्रू बाहेर. किर्र किर्र, तीन स्क्रू बाहेर. काच निघाली. दिव्यातून गरम वाफ आली.

चिरी आत शिरली. अंड्यांना चोच लावली. फार तापली होती. पंख अर्धे उघडून ती अंड्यांवर उभी राहिली, वारा घालत. ऐकत.

एका अंड्यात काहीतरी हललं. टिक.

थोड्या वेळानं दुसऱ्यातही. टिक.

बायजाक्कानं धड डोळ्यालाही कुंकू लावलं आणि काण्या डोळ्यालाही. मग ट्रॅक्टर काणाच वेशीच्या आत गेला. बैल पुढे, ट्रॅक्टर मागे. एक म्हातारी हसली. दोन पोरं हसली. आभाळ कोसळलं नाही.

मुंग्यांनी आपापली अंडी उचलली. तुरुतुरु, तुरुतुरु. गेल्या.

आठ दिवसांनी दोन पिल्लं बाहेर आली. डोळे मिटलेले, चोची उघड्या. ची ची, ची ची!

चिरी त्यांना किडे आणायची. सगळीकडून आणायची. पण दिवसातून एकदा पुलाकडे जायची. तिथल्या दगडावरचा डाग वाळला होता. चिरी तिथे बसायची. मग परत यायची.

एके दिवशी म्हातारे चिरक आले. आजोबा, आजी, मावशी. बायजाक्काच्या कुंपणावर ओळीनं बसले. त्यांनी पिल्लं मोजली.

"दोन," आजोबा म्हणाले. "वा, नशीब काढलंस."

"तीन होती," चिरी म्हणाली.

"एक जायचंच," आजी म्हणाली. "माझी तर पाच गेली. मी कधी बोलले?"

"बोलायचं होतंस आजी," चिरी म्हणाली.

आजीनं मान वळवली.

मावशी म्हणाली, "झालं गेलं, सोड आता. पोरांसमोर बोल बघू, 'जे झालं ते बरं झालं.' म्हणजे पोरंही शिकतील. आम्ही असंच शिकलो. म्हण."

पिल्लं आईकडे पाहत होती. चोची उघड्या होत्या.

"नाही म्हणणार," चिरी म्हणाली.

"चिरी!"

"बरं नाही झालं. एक पिल्लू दगडावर फुटलं. ते माझं होतं. कुणी थांबलं असतं, तर ते आज इथे असतं. मी बरं म्हणणार नाही. माझी पोरंही म्हणणार नाहीत."

मावशी तारेवर एक पाऊल मागे सरकली.

आजीनं आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी पायाखालच्या तारेकडे पाहिलं.

चिरी पिल्लांसाठी किडे आणायला उडाली. फुर्रर्र.